साठ खुर्च्यांचं गणित: छोट्या नाट्यगृहातला प्रयोग तोट्यात जाऊ नये म्हणून काय करावं, कोणत्या क्रमाने करावं

छोट्या नाट्यगृहात प्रायोगिक नाटक करणाऱ्या बहुतेक संस्थांचा क्रम ठरलेला असतो. आधी तारीख, मग पोस्टर, मग तिकिटाचा दर (इतरांनी ठेवला असेल तोच), मग ओळखीच्यांना फोन, आणि हिशेब सगळ्यात शेवटी. हिशेबात तोटा दिसला की निष्कर्षही ठरलेला असतो: प्रेक्षक येत नाहीत. पण पुष्कळदा प्रेक्षक पुरेसे आलेले असतात आणि तोटा तारीख घेतली त्याच दिवशी पक्का झालेला असतो.

हे मार्गदर्शन ४० ते १०० खुर्च्यांच्या जागेसाठी आहे. उदाहरणात ६० खुर्च्या धरल्या आहेत. आकड्यांना चलन लावलेलं नाही, तुमचे दर तुम्ही घाला. टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचा आकडा आधीच्या टप्प्यातून येतो.

## टप्पा १: खर्च तीन रकान्यांत लिहा

एका कागदावर सलग यादी करू नका. तीन रकाने आखा.

पहिला रकाना उभारणीच्या खर्चाचा, म्हणजे जो एकदाच होतो: नेपथ्य, वेशभूषा, तालमीची जागा, ध्वनिमुद्रण, छायाचित्रं, जाहिरात. दुसरा रकाना प्रयोगाच्या खर्चाचा, जो दर प्रयोगाला होतो: नाट्यगृहाचं भाडं, कलाकार आणि तंत्रज्ञांचं मानधन, सामानाची ने-आण, कपड्यांची धुलाई, प्रयोगात संपणाऱ्या वस्तू. तिसरा रकाना तिकिटामागच्या खर्चाचा. बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन, कार्डाचं शुल्क, लागू असेल तो कर आणि लेखकाचं मानधन गल्ल्याच्या टक्केवारीत ठरलं असेल तर तेही इथे येतं.

तिसरा रकाना बहुतेकांच्या हिशेबात नसतोच. तिकीट १०० ला विकलं म्हणजे १०० मिळाले असं धरलं जातं आणि तिथून पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरी नेहमीची चूक मानधनाची. आपलीच माणसं, पैसे घेत नाहीत, म्हणून रकान्यात शून्य लिहिलं जातं. असं करू नका. बाहेरचा माणूस आणला असता तर जी रक्कम द्यावी लागली असती ती लिहा आणि तिच्याखाली ‘सोडलेली रक्कम’ म्हणून वजा करा. पुढच्या नाटकाला हाच प्रकाशयोजनाकार मिळाला नाही, तर किती पैसे उभे करायचे आहेत ते त्यामुळे आजच कळतं.

मागच्या नाटकाचं अंदाजपत्रक तसंच्या तसं उतरवूनही घेऊ नका. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांच्या अर्थकारणाचं जे दुखणं मांडलं, ते छोट्या नाट्यगृहात सर्वांत तीव्रतेने जाणवतं. कारखान्यात यंत्रं सुधारतात आणि तेवढ्याच तासांत जास्त माल निघतो. चार पात्रांचं दीड तासाचं नाटक करायला मात्र आजही चार माणसं आणि दीड तासच लागतो. बाकीच्या क्षेत्रांत पगार वाढतात तसं इथेही मानधन वाढवावं लागतं, पण त्या बदल्यात जास्त खुर्च्या विकायला मिळत नाहीत. त्यामुळे खर्च दरवर्षी थोडा पुढे सरकतो, आणि माणसं कमी करून तो आवरायला वावही फारसा नसतो.

तपासा: प्रत्येक खर्च एकाच रकान्यात आहे ना? पोस्टरची छपाई पहिल्यात, प्रत्येक प्रयोगाला वाटायच्या पत्रकाची दुसऱ्यात.

## टप्पा २: विकता येणाऱ्या खुर्च्या मोजा

नाट्यगृहाच्या माहितीपत्रकात ६० खुर्च्या लिहिलेल्या असतात. तुमच्या हातात तेवढ्या नसतात. नेपथ्याचा आराखडा घेऊन प्रत्यक्ष जागेवर जा आणि प्रत्येक टोकाच्या खुर्चीवर बसून बघा.

उदाहरण घेऊ. प्रकाश आणि ध्वनीच्या टेबलाने ४ खुर्च्या अडल्या. खांबामागून किंवा नेपथ्याच्या भिंतीमागून रंगमंच नीट दिसत नाही अशा ३ निघाल्या. समीक्षक, नाट्यगृहाचे पाहुणे आणि देणगीदार यांचे पास ४. ऐनवेळी कुणाची खुर्ची मोडली, एकच जागा दोघांना विकली गेली, अशा अडचणींसाठी राखीव २. उरल्या ४७.

जिथून नीट दिसत नाही अशी खुर्ची विकायचीच असेल तर दर कमी ठेवा आणि बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगा. पूर्ण पैसे देऊन खांब बघत बसलेला प्रेक्षक परत येत नाही.

सावधान: गर्दी झाली म्हणून मधल्या वाटेत खुर्च्या टाकू नका. आगीच्या वेळी बाहेर पडायची ती वाट आहे. जागेला माणसांची मर्यादा घालून दिलेली असते, आणि तिच्यात कलाकार व कर्मचारी धरायचे की नाहीत हे नाट्यगृहाला विचारून लेखी घ्या. साठ खुर्च्यांच्या जागेत बारा जणांचा संच असेल तर हा प्रश्न लहान नाही.

## टप्पा ३: तोंडमिळवणीचे दोन आकडे काढा

आता गणित. तिकीट १००, सवलतीचं तिकीट ६०. निम्मे प्रेक्षक सवलतीत येतात असं धरलं तर सरासरी ८०. बुकिंगचं कमिशन ५ वजा. लेखकाचं मानधन गल्ल्याच्या १० टक्के, म्हणजे ८ वजा. एका प्रेक्षकामागे हातात पडतात ६७.

इथेच थांबून हाऊसफुल्लचा आकडा बघा. मनातल्या हिशेबात तो ६० गुणिले १००, म्हणजे ६००० असतो. प्रत्यक्षात ४७ गुणिले ६७, म्हणजे ३१४९. सगळं व्यवस्थित पार पडूनही जवळजवळ निम्मी रक्कम कागदावरच राहते. मनातल्या त्या एका गुणाकारामुळे कितीतरी नाटकांचं नेपथ्य परवडत नसताना उभं राहतं.

समजा प्रयोगाचा खर्च १३४० आहे आणि उभारणीचा ४०००. दहा प्रयोग करायचे आहेत, म्हणजे उभारणीपोटी प्रत्येक प्रयोगावर ४०० चा बोजा. यातून दोन आकडे निघतात.

- खालची रेघ: १३४० भागिले ६७, म्हणजे २० प्रेक्षक. एवढे आले की त्या दिवसाचा खर्च त्या दिवशी निघाला.
- वरची रेघ: १७४० भागिले ६७, म्हणजे २६ प्रेक्षक. सरासरी एवढी राहिली तर दहा प्रयोगांच्या मालिकेच्या शेवटी ना नफा ना तोटा.

दोन्ही रेघा वेगवेगळ्या कामाच्या आहेत. नाटक करावं की नाही हे वरच्या रेघेवर ठरतं. सुरू असलेल्या मालिकेत आणखी एक प्रयोग लावावा का, हे खालच्या रेघेवर. २२ जण येतील अशी खात्री असेल तर वाढीव प्रयोग लावा, कारण तो उभारणीचे थोडे पैसे परत आणतो. १५ येणार असतील तर वाढवलेला प्रत्येक प्रयोग तोटा वाढवतो. ‘प्रयोग वाढवले की खर्च वसूल होतो’ हे सरसकट खरं नाही.

माझा आग्रह असा, की नाटकाचा खर्च अर्ध्या भरलेल्या प्रेक्षागृहात सुटला पाहिजे. आपल्या उदाहरणात तो सुटत नाही. २३ प्रेक्षकांचे १५४१ होतात, दर प्रयोगाला सुमारे २०० कमी पडतात, दहा प्रयोगांत २०००. उपाय दोनच आहेत. उभारणीचा खर्च ४००० वरून २००० वर आणा, किंवा प्रेक्षकामागे हातात पडणारी रक्कम ६७ वरून ७६ वर न्या. थोडं इथलं, थोडं तिथलं असंही चालेल. ‘या वेळी नक्की ७० टक्के भरेल’ हा उपाय नव्हे.

तपासा: हा टप्पा पूर्ण होईपर्यंत नाट्यगृहाला आगाऊ रक्कम दिलेली नाही ना?

प्रयोग रद्द करायचा प्रसंग आला तर गणित आणखी वेगळं असतं. भाडं देऊन झालं असेल आणि परत मिळणार नसेल, तर ते हिशेबातून काढून टाका. रद्द केल्याने प्रत्यक्ष किती पैसे वाचतात आणि किती परत द्यावे लागतात, एवढंच बघा. बहुतेक वेळा आठ जणांसमोर प्रयोग करणं रद्द करण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्या आठ जणांना जे वाटतं ते वेगळंच.

## टप्पा ४: नाट्यगृहाशी करार

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. सरळ भाडं. गल्ल्यात वाटणी, स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या ‘फ्रिंज’ या कला महोत्सवात ६० टक्के संस्थेला आणि ४० टक्के नाट्यगृहाला ही वाटणी नेहमीची आहे. आणि किमान हमी, म्हणजे ठरलेली किमान रक्कम किंवा वाटणी, यांतलं जे जास्त असेल ते नाट्यगृहाचं.

तिन्ही प्रकार तीन-चार प्रेक्षकसंख्यांवर घासून बघा. कमिशन वजा जाता प्रेक्षकामागे ७५ धरू. भाडं ६००, वाटणी ४० टक्के, किमान हमी ४००. आठ प्रेक्षक आले तर नाट्यगृहाला भाड्याच्या करारात ६००, वाटणीत २४०, हमीत ४०० जातात. वीस जणांना भाडं आणि वाटणी सारखीच, ६००. चाळीस आले तर वाटणीत १२०० जातात आणि भाडं ६०० वरच राहतं. नवखी संस्था, नवं नाटक, प्रेक्षकांचा अंदाज नाही, अशा वेळी वाटणी घ्या. पडत्या प्रयोगाचा भार नाट्यगृहही उचलतं आणि प्रेक्षक आणायला झटतंही. संस्थेचा स्वतःचा प्रेक्षक असेल तर भाडं घ्या.

सही करण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत:

1. वाटणी एकूण गल्ल्यावर की कर आणि कमिशन वजा करून?
2. पैसे कधी मिळणार? मालिका संपल्यावर किती दिवसांनी?
3. नेपथ्य लावायला आणि उतरवायला किती वेळ? त्यापुढच्या प्रत्येक तासाचा दर?
4. नाट्यगृहाचे पास किती? न वापरलेले विकायला कधी मोकळे होतात?
5. मध्यंतरातली विक्री कुणाची?
6. तिकीट काढणाऱ्यांचा संपर्क कुणाकडे राहतो?

शेवटच्या प्रश्नाकडे फार थोडे जण लक्ष देतात. प्रेक्षकांच्या संमतीने त्यांचा संपर्क तुमच्याकडे आला नाही, तर पुढच्या नाटकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात. वाटणीत दोन टक्के सोडावे लागले तरी ही अट सोडू नका.

पाचवा प्रश्नही साधा नाही. विक्री नाट्यगृहाची असेल तर ते मध्यंतर मागणार. ऐंशी मिनिटांचं नाटक मध्ये तोडलं की ताण सुटतो आणि काही जण घरी जातात. मध्यंतर नको असेल तर ते करारातच लिहा.

## टप्पा ५: तिकिटाचा दर

दर ठरवताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, सरासरी हातात किती पडायला हवं. ते तिसऱ्या टप्प्यात निघालं आहे. दुसरी, दराचा प्रेक्षकाच्या वागण्यावर काय परिणाम होतो.

फुकट पास घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण येत नाहीत, हे प्रत्येक संस्थेला ठाऊक असतं. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कसलाही निकष न लावता सवलत दिली गेली. पूर्ण किंमत दिलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. नाटकं तीच, प्रेक्षागृह तेच. दिलेला पैसा माणसाला घराबाहेर काढतो.

म्हणून पूर्ण फुकट देण्याऐवजी नाममात्र का होईना, काहीतरी घ्या. पास द्यावाच लागला तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत ‘येतोय’ असा होकार मागा. होकार आला नाही तर खुर्ची विक्रीला काढा, आणि हे पास देतानाच सांगा.

दराची चढण अशी ठेवा: लवकर काढणाऱ्याला स्वस्त, दारावर महाग. पुष्कळ ठिकाणी नेमकं उलटं होतं. बुकिंग कमी दिसलं की शेवटच्या दोन दिवसांत निम्म्या दरात तिकिटं निघतात. त्या दिवशी दहा खुर्च्या भरतात, पण आधी पूर्ण पैसे दिलेल्याला फसल्यासारखं वाटतं आणि थांबणाऱ्याला थांबण्याचं बक्षीस मिळतं. न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत विकणारी खिडकी आहे. तिथे रोज नवे पर्यटक येतात, म्हणून ते चालतं. साठ खुर्च्यांच्या नाट्यगृहाला तेच तीनशे-चारशे लोक वर्षभर येत असतात. त्यांना थांबायची सवय लावणं परवडत नाही.

खुर्च्या भरायच्याच असतील तर दर न पाडता भरा. नाट्यशिक्षण घेणारे विद्यार्थी, दुसऱ्या संस्थांचे कलाकार, जवळच्या ग्रंथालयाचे वाचक अशा एका गटाला थेट, नाव घेऊन बोलवा. जाहीर सवलत नको.

‘जमेल तेवढे द्या’ ही पद्धत वापरणार असाल तर रिकामी पेटी पुढे करू नका. तीन रकमा लिहा, आणि एका खुर्चीमागे खरा खर्च किती येतो तो आकडा शेजारी लिहा. आपल्या उदाहरणात दहा प्रयोगांना दर प्रयोगाला २६ प्रेक्षक धरले तर तो तिकिटामागच्या खर्चासह ८० होतो. काय द्यायचं हे लोकांना कळत नाही म्हणून ते कमी देतात. कंजूषपणा असतोच असं नाही.

## टप्पा ६: तारखा आणि बुकिंग

तारखा ठरवताना तोंडी प्रसिद्धीला लागणारा वेळ धरा. शुक्रवारी नाटक बघितलेला माणूस शनिवारी-रविवारी कुणाला तरी सांगतो आणि तो ऐकणारा पुढच्या आठवड्यात मोकळा असतो. सलग चार दिवसांत चार प्रयोग लावले तर नाटकाचं नाव व्हायला लागतं तेव्हा नेपथ्य उतरलेलं असतं. दोन-दोन प्रयोग दोन आठवड्यांत लावले तर ने-आणीचा खर्च वाढतो, तो दुसऱ्या रकान्यात घाला, पण मधले दिवस तुमच्यासाठी काम करतात.

प्रयोगांची संख्याही आवरा. तुमच्या नाटकाला एकंदर १२० माणसं येणार असतील, तर ती तीन प्रयोगांत ४० च्या हिशेबाने यावीत. सहा प्रयोगांत २० आली तर पैसेही कमी उरतात आणि नाटकाचा रंगही उतरतो.

पहिल्या प्रयोगाला नातेवाईक आणि मित्र गर्दी करतात, दुसऱ्या-तिसऱ्याला अचानक ओहोटी लागते. याला उपाय सोपा आहे आणि तालमीच्या पहिल्याच आठवड्यात करायचा आहे. प्रत्येक कलाकाराकडून त्याच्या माणसांची यादी घ्या आणि ती दुसऱ्या व तिसऱ्या प्रयोगात वाटून टाका. पहिला प्रयोग अनोळखी प्रेक्षकांसाठी मोकळा ठेवा. तिथूनच बाहेर बोललं जाणार आहे.

बुकिंग उघडल्यापासून रोज रात्री विकलेल्या तिकिटांचा आकडा लिहा. छोट्या नाट्यगृहात बरीच विक्री शेवटच्या काही दिवसांत होते, त्यामुळे दहा दिवस आधी सहा तिकिटं बघून घाबरण्यात अर्थ नाही, पण मागच्या नाटकाला त्याच दिवशी चौदा होती हे माहीत असेल तर हालचाल करायला वेळ मिळतो. पहिल्या नाटकाला ही वही रिकामी असते. दुसऱ्यापासून ती सगळ्यात कामाची.

## टप्पा ७: प्रेक्षक कुठे बसवायचे

हा टप्पा फुकट आहे, आणि प्रयोगावर याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही.

मोकळ्या बैठकीत माणूस आधी मागची रांग घेतो, मग कडेची खुर्ची, मग दोन खुर्च्या सोडून. २५ जण ४७ खुर्च्यांत असे विखुरले की विनोदावर एखाद-दुसरं तुरळक हसू येतं आणि विरून जातं. तेच २५ जण लागून बसले की हसू पसरतं. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट माणसांत असताना हसतो. रंगमंचावरच्या नटाला हा फरक दहा मिनिटांत कळतो आणि त्याचा प्रयोग त्याप्रमाणे वर किंवा खाली जातो.

करायचं ते असं:

1. संध्याकाळी विक्रीचा आकडा घ्या. त्यात दारावर येणारे थोडे मिळवा. तेवढ्याच खुर्च्या उघड्या ठेवा.
2. खुर्च्या सुट्या असतील तर मागच्या उचलून बाहेर ठेवा. जमिनीला पक्क्या असतील तर मागच्या रांगांना दोरी लावा.
3. मधली रांग आधी भरा. दारावरच्या माणसाने हाताने जागा दाखवावी, ‘कुठेही बसा’ म्हणू नये.
4. दाराजवळच्या कडेच्या चार खुर्च्या उशिरा येणाऱ्यांसाठी सोडा.

पहिली रांग रिकामी राहण्याचं मोठं कारण भीती आहे. नट आपल्याला ओढतील, काहीतरी विचारतील, असं लोकांना वाटतं. तुमच्या नाटकात तसं काही नसेल तर आत सोडतानाच सांगा: ‘पहिल्या रांगेत निर्धास्त बसा, कुणालाही वर बोलावणार नाही.’ प्रेक्षकांना सामील करून घेणारं नाटक असेल तर तयार असलेल्यांनाच पुढे बसवा. नको असलेल्या माणसाला ओढलं की तो एकटाच आखडत नाही, सगळं प्रेक्षागृह त्याच्यासाठी अवघडतं.

सावधान: ‘आज लोक कमी आहेत’ हे वाक्य दारावर, रंगमंचावर, आभार मानताना, कुठेही नको. आलेल्याने तिकीट काढलं आहे. न आलेल्यांची तक्रार त्याच्याजवळ करू नये.

## टप्पा ८: दार, उशीर आणि फोन

रंगीत तालमीत दिग्दर्शकाबरोबर संहिता घेऊन बसा आणि उशिरा आलेल्यांना आत सोडायच्या दोन-तीन जागा ठरवा. दृश्यबदल, मोठ्याने वाजणारं संगीत, असं काहीतरी. त्या जागा मिनिटांसह कागदावर लिहून दारावर द्या. एकही जागा नसेल तर ‘सुरू झाल्यावर प्रवेश नाही’ हे तिकिटावर, आठवणीच्या संदेशात आणि दारावर लिहा. दारावरच पहिल्यांदा कळलेला नियम भांडण लावतो.

वाट पाहण्याचीही मर्यादा ठरवा. पाच मिनिटं पुष्कळ झाली. दर प्रयोगाला पंधरा मिनिटं थांबणाऱ्या संस्थेचा प्रेक्षक वीस मिनिटं उशिरा यायला शिकतो, आणि वेळेवर आलेल्यांना दर वेळी शिक्षा होते.

फोनबद्दलची सूचना ध्वनिमुद्रित असेल तर कुणी ऐकत नाही. एका माणसाने समोर उभं राहून सांगावं, आणि कारणासह: ‘जागा लहान आहे, पडद्याचा उजेड नटाच्या डोळ्यांवर येतो, हातातलं घड्याळसुद्धा.’ आवाजापेक्षा उजेडाने जास्त त्रास होतो हे बहुतेकांना माहीत नसतं. कारण कळलं की लोक ऐकतात.

तरीही कुणी फोन काढला किंवा बोलत राहिलं, तर मागे बसलेल्या स्वयंसेवकाने पुढच्या दृश्यबदलापर्यंत थांबावं, वाकून जावं, एकच वाक्य बोलावं आणि परत यावं. शांत प्रसंगात उठून जाणारा स्वयंसेवक फोनइतकाच नडतो. नटाने रंगमंचावरून सुनावू नये. टाळ्या मिळतात, पण नाटक तिथे तुटतं.

आवाज करणारा प्रत्येक जण बेपर्वा नसतो. खोकला असतो, टुरेट (ज्यात नकळत आवाज किंवा हालचाली होतात तो विकार) असतो, स्वमग्न मूल असतं. मालिकेतला एक प्रयोग अशा प्रेक्षकांसाठी मोकळेपणाचा ठेवता आला तर जरूर ठेवा: प्रेक्षागृहात मंद दिवे, उठून बाहेर जायची मुभा, दचकवणारे आवाज कमी. तो कोणता प्रयोग हे बुकिंगच्या वेळी ठळक सांगा, म्हणजे कुणाचाच गैरसमज होणार नाही.

शेवटाकडेही लक्ष द्या. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाळ्या शेजाऱ्याला बघून पसरत नाहीत; खोलीत एकंदर किती जण वाजवताहेत, त्यावर बाकीचे सुरू होतात आणि थांबतात. पंचवीस जणांत सुरुवात करणारा एखादाच असतो. नाटक संपलं की नाही अशी शंका राहिली तर तो हात आवरतो आणि शेवट पडतो. अंधार पुरता होऊ द्या, मग दिवे ठामपणे लावा.

## टप्पा ९: त्याच रात्रीचा हिशेब

नाट्यगृह सोडण्यापूर्वी तीन आकडे जुळवा: विकलेली तिकिटं, दारावर फाडलेली तिकिटं, जमा झालेली रक्कम. पहिल्या दोनमधला फरक म्हणजे तिकीट काढून न आलेले. तोही लिहा, कारण पुढच्या प्रयोगाला प्रतीक्षायादीतल्या किती जणांना बोलवायचं ते त्यावरून ठरतं. उद्यावर टाकलेला हिशेब जुळत नाही, आणि संस्थेत गैरसमज तिथूनच सुरू होतात.

त्याच पानावर प्रयोग कधी सुरू झाला, कधी संपला, किती जण उशिरा आले, काय बिघडलं, एवढंच चार ओळींत.

आणि एक रकाना रोज भरा: आजच्या प्रेक्षकांत संस्थेतल्या कुणाच्याही ओळखीचे नसलेले किती? दारावरचा माणूस आणि कलाकार मिळून हा आकडा बऱ्यापैकी अचूक सांगू शकतात. मालिका संपल्यावर पुनर्प्रयोगाचा निर्णय यावर घ्या. ४७ पैकी ४५ भरत होते, पण अनोळखी सहाच्या पुढे कधी गेले नाहीत, तर ओळखीचे लोक बघून झाले आहेत आणि पुढच्या खेपेला प्रेक्षागृह रिकामं राहण्याची शक्यता मोठी. सरासरी २४ होती, पण अनोळखी पहिल्या प्रयोगाला ५ आणि शेवटच्याला १९ असतील, तर तोटा दिसत असूनही नाटक पुन्हा लावा. उभारणीचा खर्च झालेला आहे, आता खालची रेघ ओलांडली की पुरे.

हा निर्णय महिनाभरात करा. नेपथ्य ठेवायच्या जागेचं भाडं तोपर्यंत चालूच असतं, आणि ते पहिल्या रकान्यात दर महिन्याला वाढत जातं.